जुन्या रिव्हॉल्व्हरची तपासणी कोण करणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी अमेरिकेत राहतो. इथले आपले काही लोक हौसेनं नेमबाजीच्या रेंजवर जातात आणि त्यातल्या काहींना जुनी सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर, म्हणजे दर गोळीला घोडा हातानं मागे ओढावा लागतो ती, फार आवडतात. त्यांच्यासाठी हे पत्र.

मित्राबरोबर दुकानात गेलो होतो, त्याला रूगर कंपनीचं जुनं ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर घ्यायचं होतं. बंदूक घेताना भरायचा सरकारी फॉर्म ४४७३ भरून घेतला, वय २१ पूर्ण आहे का ते बघितलं, बॅकग्राउंड चेक झाला, सगळं नियमानं. पण ही बंदूक १९७३ च्या आधीची आहे आणि हिच्यात सहाच्या सहा गोळ्या भरून ठेवायच्या नाहीत, हे दुकानदारानं एका शब्दानंही सांगितलं नाही! माणसाची चौकशी झाली, वस्तूची नाहीच.

त्या जुन्या मॉडेलमध्ये घोडा खाली असला की तो फायरिंग पिनवर, म्हणजे काडतुसावर आपटून गोळी उडवणाऱ्या पिनवर, टेकलेला असतो, आणि पिनच्या पुढ्यात काडतूस असेल तर बंदूक हातातून पडून घोड्यावर आपटली तरी गोळी सुटू शकते, चापाला बोट लागायचीसुद्धा गरज नाही. कोल्टच्या १८७३ च्या मॉडेलमध्ये तर पिन घोड्यालाच असते. म्हणून जुने लोक पाचच गोळ्या भरायचे आणि सिलिंडरमधलं घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे. रूगरनं १९७३ मध्ये ट्रान्सफर बार, म्हणजे घोड्याचा मार पिनपर्यंत पोचवणारी मधली पट्टी, आणला, चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा मार पिनपर्यंत पोचतच नाही. जुन्या बंदुकीतही कंपनी हा बदल फुकट करून देते आणि काढलेले पार्ट परत पाठवते. तरी लोक करत नाहीत, कारण न बदललेल्या पीसला जुन्या बंदुका जमवणारे जास्त भाव देतात, हे मला अजिबात पटत नाही.

कायदा बघायला गेलो तर अजूनच वाईट वाटलं. बाजारातल्या वस्तू सुरक्षित आहेत का ते बघणाऱ्या इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या कक्षेत बंदुका येत नाहीत, काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, १९७६ मध्येच तसं लिहून ठेवलंय. १८९८ किंवा त्याआधी बनलेली असेल तर फेडरल कायदा तिला बंदूकच मानत नाही, मग फॉर्म कुठला. कॅलिफोर्नियात २००१ पासून काँक्रीटवर पाडून बघायची टेस्ट आहे, पण किमान ५ गोळ्या, ३ इंच नळी आणि ७.५ इंच एकूण लांबी असलेल्या सिंगल अ‍ॅक्शनला तिथंही सूट, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज तीच बाहेर!

माझं मागणं छोटं आहे. ट्रान्सफर बार आहे की नाही हे विकणाऱ्यानं पावतीवर लिहून द्यायची सक्ती करा. तोपर्यंत घेणाऱ्यांनी फ्रेमच्या बाजूला तीन स्क्रू, म्हणजे रूगरच्या जुन्या मॉडेलची खूण, दिसले की आधी विचारा, बदल केलाय का, आणि नसेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. मित्रानं त्याचं ब्लॅकहॉक कंपनीकडे पाठवलंय.

आपला,
एक वाचक, अमेरिका