बाबा, दुसरी चावी नानाकाकांकडे आहे

ती. आई-बाबांस,
सा. न.

गाडीची दुसरी चावी मी नानाकाकांकडे देऊन ठेवली आहे. गुरुवारी सकाळी ट्रक येईल आणि मीटरवरच्या त्या लुकलुकणाऱ्या ऑइलच्या लाल दिव्यासाठी गाडी उचलून गॅरेजला नेईल. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही काय म्हणाला असतात ते मला पाठ आहे: "रेस दिली की दिवा जातो." जातोच तो बाबा, आणि मला घोर त्याचाच आहे.

ऑइलचा लाल दिवा ऑइल किती उरलंय ते सांगत नाही, त्याचा दाब किती आहे ते सांगतो. ऑइलचा पंप इंजिनावरच फिरतो. रेस वाढवली की दाब चढतो, दिवा विझतो. तापलेली गाडी सिग्नलला उभी राहिली की पुन्हा लुकलुकायला लागतो. बहुतेक गाड्यांत चालत्या इंजिनाचा दाब 2 ते 4 बार असतो आणि हा दिवा 0.3 ते 0.5 बारच्या आसपास लागतो. म्हणजे तो दिसेपर्यंत फार थोडं हातात उरलेलं असतं. ऑइल कमी झालं असेल, जुनं होऊन पातळ झालं असेल, पंपाची जाळी गाळानं भरली असेल, किंवा क्रँकची बेअरिंगं झिजली असतील. नुसता दाब ओळखून दिवा लावणारा स्विच खराब निघाला तर देवच पावला, तो स्वस्तातला भाग आहे. पण तो अंदाजानं बदलायचा नाही. स्विच काढून त्या जागी दाबाचा गेज लावा आणि गरम इंजिनावर मोजा, असं गॅरेजला सांगितलंय. जाड ऑइल घालून दिवा घालवू नका, हेही बजावलंय. दिवा जाईल, पण थंड इंजिन सुरू करताना ते ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ वरचे भाग कोरडे घासतात.

आठ किलोमीटरसाठी ट्रक कशाला, असं आईला वाटेल. दाब पूर्ण गेला तर बेअरिंग जाम व्हायला आठ किलोमीटर लागत नाहीत, आणि मग अख्खं इंजिन उतरवावं लागतं. दोरीनं टोचनही नको. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड, आणि बाबा, तुमचा उजवा खांदा अजून पुरता बरा नाही.

तुमची अडचण होणार नाही. मंगळवार-शुक्रवार खांद्याच्या व्यायामाला न्यायला रिक्षा दारात येईल, पैसे दिले आहेत, त्याच्याशी घासाघीस करू नका. आईची मंडई नानाकाकू आणतील. सीटमागची उशी, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं जागच्या जागी राहील. बॅटरी काढली तर घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं पुसली जातात, म्हणून तेवढी कागदावर उतरवून ठेवा. डिपस्टिक पुसायचा मान अजून माझाच आहे ना? तुमच्या जुन्या बनियनचं फडकं दुसऱ्या कुणाला देऊ नका.

गाडी परत आली की पहिलं काम, मीटरवरची ती काळी पट्टी काढायची. तिच्याखालचा पिवळा इंजिनाचा दिवा नुसता लागून राहिला तर आठवडाभरात दाखवलं तरी चालतं. तोच उघडझाप करायला लागला तर इंजिन मिसिंग करतंय. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. अशा वेळी वेग कमी करा आणि जवळ सुरक्षित जागा बघून थांबा. पट्टीखाली हा फरक दिसणार कसा? आणि "स्कॅनर लावून दिवा घालवून देतो" म्हणणाऱ्याकडून आधी स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा कोड लिहून घ्या. पुसल्यावर माग राहत नाही.

चावी फिरवून लगेच स्टार्टर मारू नका. दिवे आधी सगळे लागू द्या. ऑइलचा दिवा तेव्हा लागलाच नाही, तर तो बल्ब गेलेला आहे, इंजिन ठणठणीत आहे असं नाही. खंबाटकी चढताना तापमानाचा लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं, झाकण सैल होताच वाफ थेट तोंडावर येते. हँडब्रेक खाली असून ब्रेकचा लाल दिवा राहिला तर नुसतं ब्रेक ऑइल ओतून तो विझवू नका. पॅड झिजले की टाकीतली पातळी उतरते, आणि वरून भरलं की तेच लपतं. रागावू नका, लांब बसून हुकूम सोडते आहे हे मला कळतं.

आई, तू हसू नकोस. बीपीच्या मशीनवर येणारं नागमोडी रेघांचं हृदय "सेल उतरला असेल" म्हणून सोडून देतेस ना? ठोके अनियमित वाटले की ते चिन्ह येतं. पाच मिनिटं टेकून बस, पावलं जमिनीला, हात छातीच्या उंचीवर, अर्धा तास आधी चहा नाही, मग पुन्हा घे. परत आलं तर आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखव. घाबरण्यासारखं दरवेळी नसतं, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. वरचा आकडा 180 किंवा खालचा 120 च्या पुढे गेला आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, जीभ अडखळतेय, असं काही असलं तर आधी 108, मग मला फोन. सांगलीच्या वेळेसारखं सकाळपर्यंत थांबायचं नाही.

दोघंही जेवून वेळेवर झोपा.

तुमची,
चिमी

ता. क. बुधवारी रात्रीच गाडीतल्या कप्प्यातल्या आईच्या गोळ्या काढून घ्या. गॅरेजच्या आवारात गाड्या दिवसभर उन्हात असतात.