साठ सेंटिमीटरवरचे मणी

दोना पावला, गोवा

प्रिय दिगू,

तुझ्या पत्रांना उत्तर दिलं नाही आणि आता काम पडल्यावर लिहितोय. शिव्या नंतर घाल. गुडघा दुखतो, साखर ताब्यात आहे, तो विषय संपला.

मध्य हिंदी महासागराच्या तळातून नळीने काढलेल्या गाळाच्या त्या कोअरमध्ये मायक्रोटेक्टाइट, म्हणजे उल्केच्या आघाताने वितळून उडालेल्या काचेचे बारीक मणी, निघाले. 158 सेंटिमीटरवर भरगच्च. हजार वर्षांना 2 मिलिमीटर गाळ धरला तर 7 लाख 90 हजार वर्षं. ब्रून्स-मातुयामाचा चुंबकीय पालट, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटले ती खूण, त्याच्या जेमतेम 3 सेंटिमीटर वर, म्हणजे आग्नेय आशियातल्या त्या आघाताचीच काच. विवर अजून सर्वमान्य नाही, काच मात्र अंटार्क्टिकापर्यंत उडालीय.

घोळ पुढे आहे. 60 सेंटिमीटरवर पुन्हा मणी! हिशेबाने 3 लाख वर्षं. पोरं ‘दुसरा आघात’ म्हणून पेपर लिहायला बसलीत. 1980 मध्ये अल्वारेझ बापलेकांनी इटलीतल्या गुब्बियोच्या मातीत इरिडियम, म्हणजे उल्केची खूण, सापडल्याचं छापलं, तेव्हापासून प्रत्येकाला आपला एक थर हवाच असतो.

तुझा तोबा ज्वालामुखी मधे आणू नकोस. ती राख 74 हजार वर्षांपूर्वीची, तिचा थर 15 सेंटिमीटरच्या आसपास हवा. शिवाय तिचे तुकडे फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींसारखे वाकडे, हे मणी वाटोळे. यावरून बोटीवर आपण दोघांनी जेवण थंड केलं होतं, आठवतं?

रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांतले काचेचे मणी चपलांबरोबर लॅबमध्ये येतात, ते तपासलं. त्यांत सोडियम ऑक्साइड 13 टक्क्यांच्या घरात असतं. आपल्या मण्यांत पोटॅशियम जास्त, सोडियम थोडं. कडेचा गाळ? कोअर घुसताना नळीच्या आतल्या लायनरला लागून वरचा गाळ खाली ओढला जातो, खालचा वर येत नाही. तरी बाहेरचे 5 मिलिमीटर खरवडून टाकले. राहिली 63 मायक्रॉनची चाळणी. जाळीत अडकलेला मणी पुढच्या नमुन्यात पडतो. चाळणीत अडकलेले कण मिथिलीन ब्लूने रंगवून ओळखायची युक्ती फोरामसाठी, म्हणजे चुन्याच्या कवचांच्या सूक्ष्मजीवांसाठी, ठीक, गुळगुळीत काचेवर रंगाचा भरवसा नाही. म्हणून अल्ट्रासॉनिकमध्ये धुऊन जाळी मायक्रोस्कोपखाली धरायला लावली. स्वच्छ निघाली.

किड्यांनी गाळ उकरला म्हणावं तर मणी वर वर विरळ होत जायला हवेत. मधला जवळजवळ मीटरभर गाळ कोरा आहे. मला वाटतं, जवळच्या समुद्री डोंगराच्या उतारावरचा जुना गाळ घसरून इथे बसलाय. तसं असेल तर मण्यांचं रसायन दोन्हीकडे एकच येणार, आणि इरिडियम सापडलं तरी ते जुन्या गाळाबरोबर आलेलं असू शकतं. त्यातही त्या पोरांतली एक पोर प्लॅटिनमची अंगठी घालून नमुने हाताळते! दागिन्यांच्या प्लॅटिनममध्ये इरिडियम मिसळतात, हे तिला कोण सांगणार? तूच सांग, माझं ऐकत नाही.

निकाल लागेल तो स्टायलॅट्रॅक्टस युनिव्हर्ससवर, त्या सिलिकाच्या सांगाड्याच्या सूक्ष्म रेडिओलेरियनवर. ते 4 लाख 20 हजार वर्षांपूर्वी संपलं. 60 सेंटिमीटरच्या गाळात ते भरपूर असेल तर गाळच जुना, आणि दुसरा आघात गेला पाण्यात. पण तुटकी रेडिओलेरिया ओळखायला तुझाच डोळा लागतो.

सुलूची तब्येत सुधारली हे ऐकून बरं वाटलं. धाकट्याचं लग्न चवथीच्या आधी नको, मला सुट्टी नाही. बाळू होता तसाच.

युनिव्हर्ससच्या तुझ्या जुन्या स्लाइड शनिवारी बबनबरोबर पाठव. टपालाने नको, फुटतात.

तुझा,
वासू