जुनी नौका घेताना आधी पाण्याखालचं बघा

मा. संपादक, स. न.

आपल्या रविवार पुरवणीत वापरलेली शिडाची नौका घेऊन लांबच्या समुद्रप्रवासाला निघण्याविषयी लेख आला. आमच्या गावातल्या पोरांनी तो एकमेकांना पाठवला आणि मग ती पोरं माझ्याकडे आली. माझी उभी नोकरी नौदलाच्या गोदीत, जहाजसुताराची. लेखात झोपायच्या जागा, फ्रिज, सोलर, नकाशाचा स्क्रीन, सगळं होतं. नौकेच्या तळाची कील आणि डोलकाठीच्या तारा यांवर एक ओळही नव्हती.

बैलबाजारात शिंगांचा रंग बघून कोणी पैसे मोजत नाही. दात आणि खूर बघतात. नौका पाण्याबाहेर काढल्याशिवाय तिचा सौदा करूच नये. कील म्हणजे नौकेला उलटू न देणारं शिशाचं किंवा लोखंडाचं वजन. बोल्टांनी जोडलेल्या कीलच्या सांध्यावर गंजाचा ओघळ किंवा बारीक चीर दिसली, तर तिथेच थांबावं. नौका कधी खडकावर घासली होती का, हेही विचारावं. मे २०१४ मध्ये ‘चिकी राफिकी’ या ब्रिटिश नौकेची कील अटलांटिकमध्ये निखळली आणि चौघं गेले. आधी तळ घासल्यानं आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी जोड कमकुवत झाला असावा, असं चौकशीत पुढे आलं.

दुसरं, डोलकाठीला धरणाऱ्या तारा. स्टेनलेस स्टील वरून चकाकतं, पण तार टोकाच्या खोबणीत शिरते तिथे आतून खाल्ली जाते. दहा-पंधरा वर्षं झाली असतील तर तारा बदलायच्याच, असं धरून हिशेब करावा. डेक छोट्या हातोडीनं ठोकून बघावा. आतलं बाल्सा लाकूड कुजलं असेल तर आवाज बद्द येतो. कानाला लगेच कळतं.

नौकेचं वय ऐकून मात्र घाबरू नये. मुंबईत सागवानात बांधलेली ३२ फुटी ‘सुहैली’ १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत कुठेही न थांबता जगाला वळसा घालून आली. आलापल्लीचं सागवान बघत वाढलेल्या माणसाला याचा अभिमान वाटतो. एकट्यानं जगाला वळसा घालायच्या २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलातल्या अभिलाष टॉमींची नवी बांधलेली नौका वादळात सापडली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली. त्याच शर्यतीत पुढच्या वेळी ते १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्या रस्टलर ३६ जातीच्या नौकेतून गेले आणि २०२३ मध्ये दुसरे आले.

हातात असलेले सगळे पैसे खरेदीत घालू नयेत. शिडं उन्हानं विरतात, इंजिनाला खारं पाणी खातं, त्यासाठी मोठी रक्कम वेगळी ठेवावी लागते. आणि सर्व्हेअर, म्हणजे नौका तपासून देणारा जाणकार, आपण नेमावा, विकणाऱ्यानं सुचवलेला नको.

पोरांना मी नाही म्हटलेलं नाही. आमच्या तलावांवर डोंगा वल्हवत वाढलेली आहेत ती, पाण्याला बिचकत नाहीत. आपण एखाद्या जाणत्या सर्व्हेअरकडून या तपासणीवर सविस्तर लिहून घ्यावं, ही विनंती.

— एक निवृत्त जहाजसुतार, नवेगावबांध, जि. गोंदिया