इंग्लंडमध्ये सरकार घरभाडं भरतं, हे कोणी सांगितलं?

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला इंग्लंडमधल्या भारतीयांवरचा लेख वाचून डोकं फिरलंय. तिकडे गेलं की सरकारच घरभाडं भरतं, हे कुठल्या आधारावर छापलंत? वर्क व्हिसावर गेलेल्याला हाउसिंग बेनिफिट (भाड्यासाठीची मदत) नाही, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) नाही, मुलांसाठीचा चाइल्ड बेनिफिट नाही, कौन्सिलचं म्हणजे तिथल्या पालिकेचं घर नाही. १९९९ च्या त्यांच्या इमिग्रेशन कायद्यातच आहे ते. कायम राहायचा परवाना मिळेपर्यंत, म्हणजे निदान ५ वर्षं, असंच.

माझा धाकटा भाऊ लंडनजवळ स्लाऊला असतो. कंपनीने माणसं कमी केली त्यात याची नोकरी गेली, नवीन स्पॉन्सर, म्हणजे व्हिसाची जबाबदारी घेणारी कंपनी, शोधायला ६० दिवस, घरात लहान मुलगी आणि भाडं तर एक तारखेला द्यायचंच. कौन्सिलच्या ऑफिसात गेला तो सगळ्या पेस्लिपांची फाइल घेऊन, की बघा टॅक्स भरलाय, नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी विम्याचा हप्ता, दर महिन्याला कापलाय. काउंटरवरच्या बाईने फाइल उघडलीसुद्धा नाही. व्हिसाच्या कार्डावर 'नो पब्लिक फंड्स' (ठरावीक सरकारी मदत मिळणार नाही) छापलेलं होतं त्यावर बोट ठेवलं आणि फूड बँकेचा, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्राचा, पत्ता लिहून दिला. शेवटी आईने इथली एफडी मोडली. आणि काल तुमचा लेख वाचून शेजारच्या काकू तिलाच विचारतात, तुमच्या मुलाला काय, सरकार देतंय ना भाडं?

नॅशनल इन्शुरन्स भरलेल्यांना मिळणारा 'न्यू स्टाइल' बेकारभत्ता पब्लिक फंडात धरत नाहीत, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पण व्हिसा रद्द होईल या धास्तीने त्याने कशालाच हात लावला नाही. तिथल्या बऱ्याच मराठी घरांत हीच भीती आहे, त्यावर लिहा की!

मे २०२० मध्ये खासदार स्टीफन टिम्स यांनी संसदेच्या समितीत एका कुटुंबाची अशीच अडचण मांडली, तर खुद्द पंतप्रधान बोरिस जॉन्सन विचारतात, त्यांना युनिव्हर्सल क्रेडिट का मिळत नाही? देशाच्या पंतप्रधानाला माहीत नाही आणि भाडेकरूने मात्र नियम पाठ करून बसायचं.

वर टॅक्स भरूनही दवाखान्यासाठी वेगळा सरचार्ज, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, तोही व्हिसाच्या वेळी एकरकमी. तुमच्या लेखात याचा एक शब्द नाही.

दुरुस्ती छापा, त्याच पानावर. आणि मागच्या खेपेला पाणीपट्टीवरचं माझं पत्र अर्धं कापलंत, तसं याचं करू नका.

एक वाचक, सातारा