‘अ‍ॅबा गोल्ड’ सालवारीने ऐकून पाहा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बँडच्या ‘बेस्ट ऑफ’ संग्रहाला दर्दी मंडळी कमी लेखतात. ऐकायचे तर मूळ अल्बमच, असा त्यांचा आग्रह असतो. आम्हाला तो पटत नाही. संग्रहातली गाणी सालवारीने लावून घेतली, तर बँडची घडण एका बैठकीत उलगडते. स्वीडनच्या अ‍ॅबाचा १९९२ साली निघालेला ‘अ‍ॅबा गोल्ड’ त्यासाठी फार सोयीचा. १९ गाणी, सुमारे ७७ मिनिटे. एका सीडीत जेमतेम मावणारा ऐवज.

छापील क्रम मात्र उलटसुलट आहे. १९७६चे ‘डान्सिंग क्वीन’ पहिले, आणि १९७४ची युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकणारे ‘वॉटर्लू’ थेट शेवटी. मोबाइलवर नवी प्लेलिस्ट करून मूळ क्रमांक असे लावावेत : १९, १०, ४, १२, १, ९, २, १७, ३, १८, ११, १५, १३, १४, ७, ८, ६, ५, १६. यापुढेही गाण्यांचे क्रमांक हे छापीलच समजावेत. शफल बंद. क्रॉसफेडही बंद, नाहीतर एका गाण्याचा विरत जाणारा शेवट पुढच्या गाण्याच्या तोंडावर चढतो.

या नव्या क्रमातल्या पहिल्या पाच गाण्यांत आवाजाच्या दाटपणाकडे कान द्यावा. ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटोव एकदा वाजवून झालेला वाद्यमेळ टेपचा वेग किंचित बदलून त्याच वादकांकडून त्यावर पुन्हा वाजवून घेत. टेप मूळ वेगावर आली की दुसरा थर सुरात केसभर सरकलेला असे. ४४० आणि ४४१ हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजले की सेकंदाला एक हेलकावा येतो, हे मिरजेत तानपुऱ्याची जोड (एकाच स्वरातल्या मधल्या दोन तारा) लावणाऱ्याला सांगायला नको. तानपुरा मिळवताना हा हेलकावा काढून टाकायचा असतो. इथे तो हवा म्हणून ठेवलेला आहे, आणि चार माणसांचा बँड भरगच्च वाटतो तो बराचसा त्यामुळेच.

बँडच्या दोन गायिकांचे आवाज ओळखायला दोन गाणी पुरतात. १२ क्रमांकाच्या गाण्यात मुख्य आवाज फ्रीडाचा, खालच्या पट्टीत भरदार. ८ क्रमांकाच्या गाण्यात अग्नेथाचा, वर चढताना धारदार होणारा. हे दोन कानात बसले की १ क्रमांकाच्या गाण्यात दोघी एकत्र गातात तिथला जोड ऐकावा, फार सुंदर आहे.

अठरा आणि अकरा यांच्यामध्ये क्षणभर थांबावे. १९७८च्या मे महिन्यात स्टॉकहोममध्ये त्यांचा स्वतःचा पोलर स्टुडिओ सुरू झाला. अकरापासून पुढे वाद्ये सुटी, स्वच्छ ऐकू येतात आणि सिंथेसायझरचा वाटा वाढत जातो. शेवटचे, म्हणजे १६ क्रमांकाचे गाणे १९८१चे. त्या वेळी त्यांनी डिजिटल टेपवर ध्वनिमुद्रण सुरू केले होते. १९ आणि १६ लागोपाठ ऐकल्यास सात वर्षांत तंत्र कुठून कुठे गेले ते कळते.

हे सगळे ऐकू येण्यासाठी स्टिरिओ हवाच. छोटे ब्लूटूथ स्पीकर बहुधा डावी-उजवी बाजू एकत्र करतात, आणि थरांचा सगळा पसारा मिटून जातो. साधे वायरचे इअरफोन त्याहून बरे. दोन स्पीकर असतील तर ते एकमेकांपासून दोन मीटर, आपणही दोघांपासून दोन मीटर, ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग) कानांच्या उंचीवर. भिंतीला चिकटवू नयेत, खर्ज घुमतो. फूटभर जागा सोडावी. फरशीच्या मोकळ्या खोलीत आवाज परततो, म्हणून स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये सतरंजी किंवा जाजम अंथरावे. होम थिएटर असेल तर ‘स्टिरिओ’वर ठेवावे. बास बूस्ट आणि थ्रीडीची बटणे बंद.

सर्वांत जास्त घडणारी चूक वायरची. गायिकेचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा. तो खोलीभर विखुरलेला वाटला आणि खर्ज पातळ झाला, तर एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या आहेत. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्या एकाच स्पीकरच्या लाल-काळ्या तारांची अदलाबदल करावी. दोन्हींच्या बदलल्या तर दोष तसाच राहतो.

जुन्या सीडी घेणाऱ्यांनी १७ क्रमांकाच्या गाण्याची लांबी पाहावी. सुरुवातीच्या प्रतींवर ते कापून चार मिनिटांच्या आसपास आणले आहे. पूर्ण गाणे त्याहून पाऊण-एक मिनिट मोठे. नंतरच्या रीमास्टर (मूळ ध्वनिमुद्रणावरून नव्याने तयार केलेल्या) प्रतींचा आवाज चढवलेला असतो, तेव्हा तुलना करताना नव्या प्रतीचा व्हॉल्यूम थोडा उतरवून दोन्ही सारख्या पातळीवर आणाव्यात. नाहीतर मोठा आवाज तोच चांगला, असा कानांचा गैरसमज होतो.

आपल्या पुरवणीत अशा संग्रहांविषयी लिहिले जाते तेव्हा गाण्यांची नुसती यादी येते. तिच्यात प्रत्येक गाण्यासमोर साल, लांबी आणि ती प्रत कोणत्या वर्षी मास्टर झाली एवढे छापावे, ही विनंती. दोन ओळींची जागा जास्त लागेल, पण वाचकाला त्याच संध्याकाळी क्रम लावून ऐकायला बसता येईल.

आपले,
काही संगीतप्रेमी वाचक,
सांगली-मिरज