एकच ध्वनिमुद्रण दोनदा भरून दुसरे गाळल्याबद्दल : तीन सीडींच्या संचाबाबत तक्रार

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग.

विषय : स्टीलआय स्पॅन या ब्रिटिश लोकसंगीत गटाच्या पहिल्या तीन अल्बमच्या संचातील चुकीचे ध्वनिमुद्रण, अर्धवट तोडलेले गाणे व चुकीची माहितीपुस्तिका, सदोष माल बदलून मिळणेबाबत.

महोदय,

माझी तक्रार निकाली काढण्यात आल्याचा संदेश आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्राकडून आला. तक्रार निकाली निघालेली नाही. आपल्या प्रतिनिधीने फोन ठेवला, एवढेच झाले आहे. यापुढे फोनवर बोलण्याची माझी तयारी नसल्यामुळे हे पत्र थेट आपल्या नावे पाठवीत आहे.

हे तीन अल्बम कोणते आणि त्यांत काय आहे, हे आपणास सांगावे लागू नये, कारण संच आपणच काढला आहे. दुसऱ्या सीडीवरील पहिले गाणे ‘द ब्लॅकस्मिथ’, म्हणजे लोहाराने लग्नाचे वचन मोडलेल्या मुलीचे गाणे, हे आहे. आपल्या संचात त्या जागी १९७१ च्या ‘प्लीज टू सी द किंग’ या अल्बममधील ध्वनिमुद्रण नाही. तेथे १९७० च्या ‘हार्क! द व्हिलेज वेट’ या अल्बममधील ध्वनिमुद्रण पुन्हा भरले आहे, जे पहिल्या सीडीवर दुसऱ्या क्रमांकावर आधीच आहे. म्हणजे मी एकाच ध्वनिमुद्रणाचे पैसे दोनदा भरले आणि ज्यासाठी मुख्यतः हा संच घेतला, ते ध्वनिमुद्रण मला मिळालेच नाही. ही खातरजमा करण्यासाठी संगीताचे ज्ञानही लागत नाही. दोन्ही सीडी एकापाठोपाठ लावल्या, तर यंत्रावर दोन्ही गाण्यांची लांबी सेकंदासह सारखीच दिसते, आणि आपल्या पुस्तिकेत मात्र त्याच दोन गाण्यांपुढे दोन वेगवेगळ्या लांबी छापल्या आहेत.

हा फरक किरकोळ आहे असे आपल्या केंद्राचे म्हणणे असल्यामुळे तो नाइलाजाने सविस्तर मांडते. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा आधीचा गट सोडल्यावर ॲशली हचिंग्ज यांनी १९६९ मध्ये टिम हार्ट, मॅडी प्रायर आणि गे व टेरी वुड्स या दाम्पत्याबरोबर हा गट उभा केला. पहिल्या अल्बमसाठी जेरी कॉनवे आणि डेव्ह मॅटॅक्स या दोन ड्रमवादकांना बोलावण्यात आले. अल्बम बाजारात येण्यापूर्वीच पाच जणांचे आपसांत बिनसले; त्या पाच जणांचा श्रोत्यांसमोर एकही कार्यक्रम झाला नाही. वुड्स दाम्पत्य बाहेर पडले, मार्टिन कार्थी आणि पीटर नाइट आले, आणि नव्या पाच जणांनी दुसऱ्या अल्बममध्ये ड्रमकिट पूर्णपणे वगळले. तालाचा भार विजेच्या गिटारवर, बास गिटारवर आणि नाइट यांच्या व्हायोलिनवर आला. ज्या ‘ब्लॅकस्मिथ’ला आदल्या वर्षी ड्रमचा ठेका होता, तेच गाणे त्यांनी मुद्दाम पुन्हा घेतले आणि अल्बमच्या अगदी सुरुवातीला ठेवले. गिटारचे सूर घंटेसारखे घुमत राहतात, त्यांच्या वर मॅडी प्रायर यांचा आवाज अगदी उघडा, निराधार वाटावा असा येतो, आणि आपला लोहार दुसरीशी लग्न करून मोकळा झाल्याची वार्ता गावभर पसरल्याचे ती मुलगी सांगते तेव्हा इतर आवाज तिच्या आवाजावर चढत जातात. बदललेल्या गटाने आपण बदललो आहोत हे श्रोत्याला पहिल्याच गाण्यात ऐकवले होते. नेमके तेच आपण काढून टाकले.

आता आजच्या संभाषणाविषयी. ते जसे झाले तसेच लिहिते, कारण आपल्या नोंदीत ते तसे असेल याची मला खात्री वाटत नाही.

प्रतिनिधीने प्रथम विचारले, “मॅडम, सीडी वाजते ना?” वाजते, असे मी सांगितले. “गाण्याचं नाव तेच आहे ना?” नाव तेच आहे, ध्वनिमुद्रण दुसरे आहे, असे मी सांगितले. “म्हणजे गाणं तेच आहे.” एकच बंदिश किराणा घराण्याच्या गायकाने गायली आणि ग्वाल्हेरच्या गायकाने गायली तर एकीच्या जागी दुसरी खपवता येत नाही, हे मी त्यांना शांतपणे समजावून सांगितले. त्यावर त्यांनी मला थांबायला सांगितले, बराच वेळ जाहिरातीची धून ऐकवली आणि परत येऊन म्हणाले, “दुसऱ्या सीडीत ड्रम नको असं तुमचं म्हणणं आहे, पण मॅडम, त्यात तर ‘फीमेल ड्रमर’ नावाचं गाणं आहे. मग ड्रम असणारच.”

महोदय, ते गाणे पुरुषवेषात सैन्यात शिरून नगारा वाजवणाऱ्या एका मुलीची कथा सांगते. गाण्याच्या नावात ड्रमर आहे म्हणून ध्वनिमुद्रणात ड्रमकिट असलेच पाहिजे, हा युक्तिवाद आपल्या कंपनीच्या वतीने, आपल्या पगारी माणसाने, पूर्ण गांभीर्याने माझ्यापुढे केला. मी हेही सांगितले. त्यावर ते म्हणाले, “मुखपृष्ठावरच्या फोटोत ड्रमवालाही आहे, बघा ना. सहा जण आहेत.” आहेत, कारण तो फोटो या तीन अल्बमच्या काळातला नाहीच. ड्रमवादक नायजेल पेग्रम गटात १९७३ मध्ये आले. तोपर्यंत हचिंग्ज आणि कार्थी दोघेही गट सोडून गेले होते. ज्यांनी हे तीन अल्बम घडवले त्यांच्यापैकी वुड्स दाम्पत्यासह चौघांना वगळून, ज्यांचा या ध्वनिमुद्रणांशी संबंध नाही अशांना आपण मुखपृष्ठावर बसवले आणि वर त्याच फोटोचा माझ्याविरुद्ध पुरावा केला! सरतेशेवटी ते म्हणाले, “दोन्ही रेकॉर्डिंग वेगळी असायला हवीत याचा काही पुरावा असेल तर मेल करा, नाहीतर आम्ही तक्रार क्लोज करतो,” आणि माझे उत्तर पूर्ण होण्याआधीच फोन बंद झाला. त्या गाण्यातील लोहारही लग्नाचे वचन नाकारताना त्या मुलीला साक्षीदार घेऊन ये असेच सांगतो. तिच्यापाशी देवाखेरीज साक्षीदार नसतो. माझ्यापाशी आपलीच पुस्तिका आहे, आपल्याच दोन सीडी आहेत आणि लीड्समध्ये शिकत असताना घेतलेली ‘प्लीज टू सी द किंग’ची जुनी रेकॉर्ड आहे. ती आता फार झिजली आहे. म्हणून तर आपला संच विकत घेतला.

इतर दोषांपैकी तिसऱ्या सीडीचा दोष तितकाच गंभीर आहे. ‘टेन मॅन मॉप’ हा अल्बम ‘स्क्यूबॉल’ या गाण्याने संपतो. ही आयर्लंडमधील किल्डेअरच्या मैदानावरील घोड्यांच्या शर्यतीची गाथा आहे, आणि शर्यतीच्या मध्यावर घोडा आपल्या स्वाराशी बोलू लागतो. आपल्या सीडीवर शर्यतीचा निकाल लागण्यापूर्वीच ध्वनी तुटतो. तो हळूहळू मंद होत नाही, शब्दाच्या मध्येच तुटतो. ही सीडी कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी एका तरी माणसाने शेवटपर्यंत ऐकली होती काय? पुस्तिकेतही दुसऱ्या अल्बमच्या वादकांत कॉनवे आणि मॅटॅक्स यांची नावे आहेत आणि मार्टिन कार्थी यांचे नाव नाही. इंग्लिश लोकगीतांच्या पुनरुज्जीवनात ज्यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही, त्यांचे नाव त्यांच्याच अल्बमवरून आपण वगळले आहे.

पहिल्या सीडीबद्दल माझी तक्रार नाही, हेही नोंदवते. त्यावरील ‘माय जॉनी वॉज अ शूमेकर’मध्ये मॅडी प्रायर आणि गे वुड्स या दोघींचेच आवाज आहेत, साथीला एकही वाद्य नाही, आणि दोघींचे श्वाससुद्धा वेगवेगळे ऐकू येतात इतके ते ध्वनिमुद्रण स्वच्छ उतरले आहे. हे काम आपल्याकडे नीट होऊ शकते, हे त्यावरून दिसते. त्यामुळेच बाकीच्या निष्काळजीपणाचा संताप अधिक येतो. आपल्या कंपनीकडून मी वर्षानुवर्षे संगीत घेत आले, ते इतरत्र न मिळणारे आपण मन लावून काढता या विश्वासावर. तो विश्वास आज उरलेला नाही. आणि पुन्हा सांगते : दुसऱ्या सीडीवर ‘द ब्लॅकस्मिथ’चे ध्वनिमुद्रण चुकीचे आहे. गाणे तेच असल्याचे उत्तर मला पुन्हा नको आहे.

दुसरी आणि तिसरी सीडी दुरुस्त करून, सुधारित पुस्तिकेसह, आपल्या खर्चाने मला पाठवावी. ते शक्य नसल्यास संच परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी. माल परत घेण्याची कोणतीही मुदत आपल्या बिलावर छापलेली नाही, आणि अशा वेळी सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ती मुदत अजून संपलेली नाही. त्याच कायद्यानुसार मी राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात मला तक्रार दाखल करता येते, तेव्हा आपल्या मुख्यालयाच्या शहरात खेटे घालण्याच्या भीतीने मी गप्प बसेन असे समजू नये. बिल, पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती आणि दोन्ही सीडींच्या यंत्रावरील वेळेची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

हाच संच ज्या इतर ग्राहकांना विकला आहे, त्यांनाही आपण स्वतःहून ही चूक कळवावी. मूळ अल्बम कधीच न ऐकलेल्या माणसाला आपल्याकडून काय हिरावले गेले ते कळणारही नाही, आणि तो हेच १९७१ चे ‘ब्लॅकस्मिथ’ समजून बसेल.

उत्तर लेखी द्यावे, आणि ते दोन्ही सीडी स्वतः ऐकलेल्या अधिकाऱ्याच्या सहीचे असावे.

आपली,
एक ग्राहक

सोबत : वरीलप्रमाणे