धक्क्याआधी यार्ड मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणात छोटी कंटेनर बंदरे उभारायचा विषय निघाला की सांगली-मिरजेत दोनच प्रश्न ऐकू येतात : पाणी किती खोल आणि क्रेन किती टनी? यांची उत्तरे तशी सरळ आहेत. हजार टीईयूचे (टीईयू म्हणजे वीस फुटी एक डबा) फीडर जहाज (मोठ्या बंदराशी डब्यांची ने-आण करणारे छोटे जहाज) साधारण १५० मीटर लांब असते आणि साडेआठ मीटर पाण्यात बुडते. त्याला १८० मीटर धक्का, भर ओहोटीतही दहा मीटर पाणी आणि तासाला पंधरा-वीस डबे हलवणारी एक मोबाइल क्रेन पुरते. धक्का मात्र पहिल्यापासून त्या क्रेनच्या पायांचा भार धरूनच बांधावा.

छोटे टर्मिनल तुंबते ते यार्डात, म्हणजे डबे रचून ठेवायच्या आवारात. वर्षाला ४०,००० टीईयू धरा. त्यातले ३०,००० भरलेले, सरासरी ४ दिवस थांबणारे. म्हणजे यार्डात कायम ३२९ डबे. उरलेले १०,००० रिकामे, पण ते १५ दिवस पडून राहतात, म्हणजे ४११. संख्येने एक चतुर्थांश असलेले रिकामे डबेच जास्त जागा अडवतात! एकूण ७४०, हंगामाची गर्दी (४० टक्के जादा) धरून १,०३६. सरासरी अडीच डब्यांची थप्पी आणि रीच स्टॅकर (डबे उचलून रचणारे चाकांचे यंत्र) वळायच्या वाटेसह प्रत्येक थप्पीला ६० चौरस मीटर धरले, तर अडीच हेक्टर लागतात. गेट, पार्किंग, कस्टम तपासणीची जागा वेगळी.

दुसरी चूक फरसबंदीत होते. डब्याचा तळ जमिनीला टेकत नाही. डबा चार कोपऱ्यांतल्या पोलादी ठोकळ्यांवर उभा असतो. एक ठोकळा १७८ बाय १६२ मिलिमीटर, तळापेक्षा जेमतेम साडेबारा मिलिमीटर खाली. भरलेला डबा ३०.४८ टनांपर्यंत असतो. तीन डब्यांची थप्पी झाली की त्या एवढ्याशा ठोकळ्याखाली २३ टन येतात, आणि चार थप्प्यांचे कोपरे जिथे शेजारी येतात तिथे ९० टन. डांबर इथे टिकत नाही. मे महिन्याच्या उन्हात ठोकळे रुततात, तळ जमिनीला टेकतो, पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत पाणी साचते. सिमेंटमिश्रित खडीच्या थरावर ८० मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक हवेत. नाहीतर कोपऱ्यांखाली तेवढ्या काँक्रीटच्या पट्ट्या आणि मध्ये खडी, हेही चालते. भरला डबा धरलेल्या रीच स्टॅकरच्या पुढच्या ॲक्सलवर शंभर टनांच्या घरात भार येतो, म्हणून वाटांचा हिशेब निराळा करावा.

आपल्या तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षांसाठी रीफरचे (थंड ठेवणाऱ्या डब्यांचे) वीज-प्लग जानेवारी ते एप्रिलच्या गर्दीवर मोजावेत, वर्षाच्या सरासरीवर नव्हे. रोज २५ रीफर, मुक्काम ३ दिवस, म्हणजे ७५ प्लग आणि वर थोडे राखीव. चालू रीफर सरासरी ५ किलोवॅट घेतो, सुरू होताना १० ते १२. वीज जाऊन आली आणि सगळे एकदम चालू झाले, तर ३७५ किलोवॅटच्या हिशेबाने घेतलेला जनरेटर बसलाच म्हणायचा. पाळीपाळीने चालू होतील अशी सोय पॅनेलमध्येच करावी. हा खर्च मोठ्या जनरेटरपेक्षा कितीतरी कमी.

राहिला प्रश्न रिकाम्या डब्यांचा. बेदाणा, हळद, साखर, द्राक्षे इथून बाहेर जातात. उलट दिशेने तेवढा माल येत नाही. त्यामुळे रिकामा डबा बंदरातून आंबा घाट चढवून इथे आणावाच लागतो. मग तो बंदरात पंधरा दिवस ठेवायचा कशाला? किनाऱ्यावर डोंगर फोडून किंवा भराव घालून सपाट जागा करावी लागते. रांजणीसाठी सुचवल्या गेलेल्या ड्रायपोर्टच्या (समुद्रापासून दूर, डबे हाताळायचे केंद्र) आराखड्यात रिकाम्या डब्यांचे आवार, धुलाई, दुरुस्ती आणि रीफरची तपासणी धरली, तर वरच्या हिशेबातले बंदराचे अडीच हेक्टर सव्वा हेक्टरच्या आत येतात. दोन्ही आराखडे वेगवेगळ्या टेबलांवर होणार असतील, तर निदान हा आकडा तरी एका टेबलावरून दुसऱ्यावर जावा.

– एक बंदर अभियंता, विश्रामबाग, सांगली